बिऱ्हाड ट्रेलरमध्ये: सोलापूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर हा तळ धरून छोट्या ट्रेलरमध्ये बारा महिने राहायचं आणि तिथूनच नोकरी-धंदा करायचा, असं ठरवलेली माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. इथे ‘छोटा ट्रेलर’ म्हणजे गाडीमागे ओढायचा, एका एक्सलचा, १० ते १२ फूट लांब आणि साधारण साडेसहा फूट रुंद डबा. प्रश्न साध्यापासून अडचणीच्या अपवादांकडे जातात. एकच गोष्ट दोनदा न सांगता त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रेलर घेऊ की मोटार-कॅरव्हॅन? फरक काय पडतो?

कॅरव्हॅनमध्ये इंजिन आणि घर एकत्र असतं. गाडी गॅरेजला गेली की घरही गेलं. ट्रेलर मुक्कामी सोडून गाडी मोकळी करता येते. बाजारहाट, दवाखाना, भेटीगाठी सगळं त्या गाडीवर होतं. रोज जागा बदलणाऱ्याला कॅरव्हॅन सोयीची. एका ठिकाणी दोन-तीन आठवडे राहून काम करणाऱ्याने ट्रेलर घ्यावा. नोकरी सांभाळायची असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: महिन्यातून दोन वेळा, फार तर तीन वेळा जागा बदला. प्रत्येक हलवाहलवीत कामाचा एक अख्खा दिवस जातो.

२. माझी गाडी ट्रेलर ओढेल का?

आधी गाडीचं मालकपुस्तक, म्हणजे ओनर्स मॅन्युअल, उघडा. ‘टोइंग’ या शब्दाखाली क्षमता दिलेली असेल तर तोच आकडा अंतिम. ‘या गाडीने काही ओढू नये’ असं लिहिलेलं असेल तर तो विषय तिथेच संपतो, कारण पुढे क्लच जळाला तर वॉरंटीत बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच पान काढते. ७५० किलोचा ट्रेलर ओढायला दीड लिटर किंवा त्याहून मोठं डिझेल इंजिन आणि रिकामी असताना किमान १२०० किलोची गाडी असावी. हलकी गाडी जड ट्रेलर ओढते खरी, पण थांबवू शकत नाही.

इंधनाचा हिशेब असा धरा: लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी मागे ट्रेलर असताना १० ते ११ देते. वाऱ्याचा अडथळा हे याचं मोठं कारण. म्हणूनच ताशी ६० वरून ८० वर गेलात की फरक लगेच जाणवतो.

३. ७५० किलोची मर्यादा म्हणतात, ती रिकाम्या ट्रेलरची की सामानासकट?

सामानासकट. पाणी, गॅस, बॅटरी, कपडे, भांडी सगळं धरून. आपल्याकडे एकूण ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ वर्गात येतो, त्यावर साडेतीन टनांपर्यंतचा टी-२ मध्ये. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून एक नमुना हिशेब:

रिकामा ट्रेलर ४८० किलो. ६० लिटर पाणी ६०. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी २४. ५०० वॅटची सौर पॅनेलं २९. भरलेला ५ किलोचा गॅस सिलिंडर ११. फ्रिज १४. कपडे आणि अंथरूण-पांघरूण ४०. स्वयंपाकाचं सामान ३५. अवजारं आणि पुस्तकं २५. शौचालयाची पेटी १५. बेरीज ७३३ किलो. म्हणजे काठोकाठ. यात सायकल किंवा कूलर बसत नाही.

अंदाजावर जाऊ नका, काट्यावर जा. मार्केट यार्डाजवळ, एमआयडीसीत आणि साखर कारखान्यांच्या रस्त्यावर वजनकाटे आहेत. आधी गाडी-ट्रेलर एकत्र चढवा, मग गाडी सोडून फक्त ट्रेलर. दोन्ही पावत्या कागदपत्रांत ठेवा.

मोठ्या काट्यावर एक वजन कळत नाही: टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकतो त्यावर, पडणारा भार. तो एकूण वजनाच्या ८ ते १० टक्के हवा, म्हणजे वरच्या नमुन्यात ५९ ते ७३ किलो. घरातला माणसांचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि ट्रेलरची हिच (बॉलवर बसणारं पुढचं टोक) बॉलच्याच उंचीवर त्यावर टेकवा. भार कमी भरला तर जड सामान एक्सलच्या पुढे सरकवा, जास्त भरला तर थोडं मागे. हा भार कमी असला की काय होतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

४. आरटीओत नोंदणी लागते का? ट्रेलरला इंजिनच नाही.

लागते. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्यामुळे त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचं नोंदणी प्रमाणपत्र आणि स्वतःचा तृतीय-पक्ष विमा हवा. सोलापूर शहरातल्या कार्यालयात नोंदला तर एमएच-१३, अकलूजच्या कार्यालयात नोंदला तर एमएच-४५.

विक्रेत्याकडून फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२, म्हणजे बांधणाऱ्याचा रस्तायोग्यतेचा दाखला, घ्या. फॉर्म २० चा अर्ज तुम्ही करायचा. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘या मॉडेलची प्रकार-मान्यता आहे का, आणि त्याची प्रत देता का?’ प्रकार-मान्यता (टाइप अप्रूव्हल) म्हणजे त्या मॉडेलला सरकारमान्य चाचणी संस्थेने दिलेली मंजुरी. उत्तरात चाचपडणं दिसलं तर पुढे जाऊ नका. नोंदणीत वाहनाचा वर्ग खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर असाच लिहून घ्या. मालवाहू ट्रेलर म्हणून नोंद झाली की कर, तपासणी आणि विमा या तिन्हींचे नियम बदलतात.

५. शेतीची ट्रॉली स्वस्तात मिळते. तिच्यावर घर बांधून घेऊ का?

नको. शेती ट्रॉलीची नोंदणी शेतीकामासाठी असते आणि ती ट्रॅक्टरच्या वेगासाठी बांधलेली असते. बऱ्याच ट्रॉल्यांना ना नीट स्प्रिंग, ना गाडीच्या दिव्यांशी जोडणी. त्यावर खोली उभी केली की नोंदणीतलं वाहन आणि रस्त्यावरचं वाहन वेगळं झालं. अपघात झाल्यावर विमा नाकारायला एवढं पुरेसं आहे. सोलापुरातले फॅब्रिकेटर हाताने चांगले आहेत, शंका त्यांच्या वेल्डिंगची नाही. मान्यता असलेला रिकामा ट्रेलर घ्या आणि आतलं फर्निचर, खिडक्यांच्या जाळ्या, कप्पे त्यांच्याकडून करून घ्या.

६. परवाना कोणता? आणि मुलं मागे ट्रेलरमध्ये झोपून आली तर चालतं का?

खासगी गाडीमागे खासगी छोटा ट्रेलर ओढायला हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही परवाना पुरतो. गाडीच्या विमा कंपनीला ट्रेलर ओढत असल्याचं लेखी कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या.

चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही. मूल नाही, आजी नाही, कुत्रंही नाही. आत सीटबेल्ट नसतो, शेगडी-भांडी सुटी असतात आणि आत काय चाललंय ते चालकाला कळत नाही.

७. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात माणूस राहू शकतो का?

राहू शकतो, पण तयारीनेच. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि उन्हात उभ्या ट्रेलरच्या आत त्याहून जास्त. उपाय या क्रमाने करा, कारण पहिले दोन स्वस्त आहेत आणि त्यांनीच निम्मं काम होतं.

पहिली सावली. शेतीच्या दुकानात मिळणारं ७५ टक्क्यांचं हिरवं शेडनेट घ्या. ते छतावर अंथरू नका. छतापासून किमान एक फूट वर, बांबू किंवा पाइप लावून ताणा. मधून वारा फिरला तरच उपयोग, नाहीतर जाळी तापते आणि तीच उष्णता छताला देते. पश्चिमेच्या बाजूला जाळी जमिनीपर्यंत सोडा. दुपारी तीन ते सहाचं तिरपं ऊन भिंतीतून आत येतं.

दुसरा रंग. छत पांढरं. गडद रंगाचा ट्रेलर छायाचित्रात छान दिसतो आणि मे महिन्यात भट्टी होतो.

तिसरं अस्तर. छताला आणि भिंतींना २५ मिलिमीटरचं पफ किंवा एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारा कडक फोम. पत्रा आणि आतला प्लाय यांच्यात कुठेही धातूचा थेट पूल ठेवू नका. एका लोखंडी पट्टीतूनही उष्णता आत येते.

चौथी हवा. छतात एक बाहेर फेकणारा पंखा आणि सावलीच्या बाजूला खाली एक उघडी खिडकी. दोन्ही खिडक्या वर असतील तर गरम हवा तिथल्या तिथे फिरत राहते.

पाचवा कूलर, आणि तो इथे खरोखर चालतो. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि हवा १० अंशांपर्यंत उतरते. कूलर लावल्यावर समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर आत दमटपणा साचून जीव गुदमरतो. छोटा कूलर तासाला दोन-तीन लिटर पाणी पितो, ते प्रश्न ११ च्या हिशेबात धरा. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद. दमट हवेत तो फक्त गाद्या ओलसर करतो.

एवढं करूनही दुपारी बारा ते चार ही वेळ कठीणच जाते. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ आहे त्यांनी मे महिना पक्क्या घरात काढावा, असं आमचं ठाम मत आहे.

८. मग सरळ एसीच बसवला तर?

पाऊण टनाचा एसी ७०० ते ८०० वॅट ओढतो. रात्रीचे आठ तास तो मधूनमधून थांबत चालला तरी चार-पाच युनिट, आणि ट्रेलरच्या २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम अडीच युनिट मावतात. छतावर एवढी पॅनेलंही बसत नाहीत. वीजजोड असलेल्या जागीच राहणार असाल तर एसी बसवा, पण त्याचं वजन प्रश्न ३ च्या बेरजेत घालून बघा.

९. लॅपटॉपवर दिवसभर काम आहे. किती बॅटरी, किती पॅनेल?

आधी खर्च मोजा. लॅपटॉप ६० वॅट × ८ तास = ४८० वॅट-तास. राउटर १० वॅट × १४ = १४०. बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा २८ वॅट × १४ = सुमारे ३९०. १२ व्होल्टचा फ्रिज उन्हाळ्यात साधारण ५५०. दिवे ८०. मोबाइल ३०. एकूण १६७० वॅट-तास.

सोलापुरात निरभ्र दिवसाचं पूर्ण ताकदीचं ऊन पाच तास धरा. उष्णता, धूळ आणि वायर मिळून तीस टक्के घट धरा. पॅनेल तापलं की प्रत्येक अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते, त्यामुळे मे महिन्यातलं कडक ऊन बघून भुलू नका. १६७० ÷ (५ × ०.७) म्हणजे ४७७. ५०० वॅटची पॅनेलं घ्या. बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची: २५६० वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरा.

इन्व्हर्टर ६०० ते ८०० वॅटचा, प्युअर साइन वेव्हचा पुरे. लॅपटॉप मात्र १२ व्होल्टवरच्या टाइप-सी चार्जरने थेट चालवा. इन्व्हर्टरमध्ये जाणारी दहा-पंधरा टक्के वीज वाचते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १०० अँपिअरचा फ्यूज लावा. हा फ्यूज ‘नंतर बसवू’ म्हणून राहून जातो, आणि ट्रेलरमध्ये आग लागायला तेवढीच चूक पुरते.

सावली आणि सौर यांचं भांडण कसं सोडवायचं, असंही अनेक जण विचारतात. अर्धी पॅनेलं छतावर कायम ठेवा, ती स्वतःच छताला सावली देतात. उरलेली दहा मीटर वायर लावून उन्हात जमिनीवर मांडा आणि ट्रेलर झाडाखाली लावा.

१०. दुपारी ऊन भरपूर, तरी चार्जिंग बंद पडतं. बॅटरी खराब आहे का?

बहुधा नाही. एलएफपी बॅटरी ४५ अंशांवर चार्ज घेऊ नये म्हणून तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. बॅटरी पुढच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असेल तर मे महिन्यात दुपारी हे होणारच. ती आत, जमिनीलगत, पलंगाखालच्या सावलीच्या कप्प्यात आणा, कप्प्याला खाली-वर भोकं ठेवा आणि कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा. कप्प्यात साधा थर्मामीटर ठेवलात की निदान एका मिनिटात होतं.

गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज होत नाही, हीसुद्धा नेहमीची तक्रार. बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर मनाप्रमाणे व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे साधा रिले लावून भागत नाही. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आणि किमान १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते.

ढाब्यावरच्या किंवा पंपावरच्या सॉकेटला जोडण्याआधी अर्थिंग तपासा. तीन दिव्यांचा टेस्टर वायरिंगच्या दुकानात मिळतो. अर्थिंग नसेल तर जोडू नका, कारण ट्रेलरचा सगळा पत्रा जिवंत होऊ शकतो. ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

११. पाणी किती लागतं आणि कुठे भरायचं?

दोघांना पिण्याचे ७, स्वयंपाकाचे ५, भांड्यांचे ६ आणि अंघोळीचे प्रत्येकी १२ ते १५ लिटर. म्हणजे दिवसाला ४२ ते ४८. साठ लिटरची टाकी सव्वा दिवस पुरते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून कोणाच्या घरगुती नळावर हक्क सांगू नका. पिण्याचं पाणी २० लिटरच्या जारमध्ये आरओ केंद्रावरून घ्या आणि वापराचं पाणी जिथे थांबलात तिथल्या बोअरचं, पैसे देऊन.

बोअरचं पाणी जड असतं. क्षारांनी शॉवरची भोकं आणि कूलरच्या जाळ्या बुजतात. पंधरा दिवसांनी पातळ व्हिनेगरमध्ये भिजवा.

टाकीला शेवाळाचा वास आला तर ६० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ६० मिलिलिटर टाका, नळ उघडून वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, मग दोनदा धुवा. हे पाणी प्यायचं नाही.

टाकी भरून प्रवास करायचा का? टाकी एक्सलवर असेल तर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी वळणावर हिंदकळते.

१२. शौचालयाचं काय करता?

दोन पर्याय. कॅसेट शौचालयाची २० लिटरची पेटी दोघांना दोन-तीन दिवस जाते. ती सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज असलेल्या संडासातच रिकामी करा, जागेच्या मालकाला विचारून. नाला, शेताचा बांध, ओढा, उजनीचा काठ: कुठेही नाही.

दुसरा कोरडा प्रकार, ज्यात लघवी वेगळी जाते. याला पाणी लागत नाही, त्यामुळे आपल्या भागाला हाच जास्त शोभतो. वर टाकायला कोकोपीट किंवा वाळवून बारीक केलेलं उसाचं चिपाड वापरा. प्रत्येक वेळी दोन मुठी. चिपाड ओलं असेल तर चिलटं होतात, म्हणून दोन दिवस उन्हात वाळवा. वास येतोय याचा अर्थ लघवी आणि मैला एकत्र होतायत.

१३. घरचा लाल सिलिंडर नेला तर चालेल का?

नेऊ नका. घरगुती जोडणी त्या पत्त्यावरच्या स्वयंपाकघरासाठी असते, आणि १४.२ किलो गॅसची टाकी छोट्या डब्यात ठेवणं धोक्याचंही आहे. ५ किलोचा मुक्त विक्रीचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो. दोघांना साधारण तीन आठवडे पुरतो. तो उभाच ठेवा, पट्ट्याने बांधा, प्रवासात रेग्युलेटर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. ते जाळी लावून उघडंच ठेवा, थंडीत चिंध्या कोंबू नका. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला.

शेकायला कोळशाची शेगडी आत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. सोलापूरच्या थंडीला चादर पुरते, आणि तीही इथलीच जाड जेकार्ड.

खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे फ्रिजशिवाय दिवसेंदिवस टिकणारं जेवण सोलापूरकरांच्या घरात आधीपासून आहे. तीन लिटरचा कुकर आणि डब्यात एवढी शिदोरी असली की अडलेल्या दिवशी गॅस पेटवायचीही गरज नाही.

१४. नेटवर्क जातं. मीटिंग मध्येच तुटली तर नोकरी जाईल.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. एकाच कंपनीची दोन घेऊन फायदा नाही. ॲल्युमिनियमचा डबा सिग्नल अडवतो, त्यामुळे राउटर आत असला तरी अँटेना छताबाहेर काढा आणि तिची वायर पाच मीटरपेक्षा लांब करू नका. नवी जागा पक्की करण्याआधी सकाळी दहाला आणि रात्री आठला वेग तपासा. रात्री आठला गावातले सगळे मोबाइलवर असतात, खरा आकडा तोच. व्हिडिओ कॉलला ३ एमबीपीएस चढता (अपलोड) वेग स्थिर मिळाला तर काम चालतं. तासाला साधारण एक ते दीड जीबी डेटा जातो.

सोमवारी सकाळी मीटिंग असेल तर रविवारी संध्याकाळी जागा बदलू नका. शनिवारी बदला. एक दिवस चुका दुरुस्त करायला लागतो.

१५. रात्री कुठे थांबायचं? गावात परवानगी कोण देतं?

महामार्गाच्या कडेला किंवा सेवारस्त्यावर नाही. धोकादायक रीतीने वाहन उभं करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचा चालक पहाटे तीनला डुलकी घेत असू शकतो.

एका रात्रीसाठी मोठा पेट्रोलपंप किंवा कुटुंबांची वर्दळ असलेला ढाबा. दोन-तीन आठवड्यांसाठी शेतकऱ्याचं मोकळं रान, कृषी पर्यटन केंद्र किंवा लॉजचं आवार. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर इथे भक्तनिवासांच्या वाहनतळावर विचारता येतं, पण गर्दीचे दिवस टाळा (प्रश्न १८).

शेतात थांबायचं तर आधी मालकाशी, मग सरपंच किंवा पोलीस पाटलांशी बोला. अंधार पडायच्या आत. सुरुवात अशी करा: ‘मालक, दोन आठवडे ट्रेलर लावू का? पाण्याचे पैसे देतो, कचरा आमचा आम्ही नेतो.’ अक्कलकोटकडे दोन वाक्यं कानडीत बोललात तर चहा आधी येतो. भाडं, पाणी आणि वीज यांचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवा.

साखर कारखान्यांच्या परिसरात मोकळी दिसणारी जागा ऊसतोड टोळ्यांच्या खोपींची असू शकते. तिथे ट्रेलर लावू नका. ती माणसं हौसेने बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेली नसतात.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावर मुक्काम करता येत नाही. माळ मोकळा दिसला तरी ते संरक्षित क्षेत्र आहे.

१६. वेगात ट्रेलर डुलायला लागला तर काय करायचं?

ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तो हलका लावा. वेग उतरला की डुलणं थांबतं. कारण जवळपास नेहमी एकच: मागे जास्त वजन (प्रश्न ३). वेग ६० ठेवा.

निघण्याआधी: हिचची कडी बसली का ते जॅकने उचलून बघा, साखळ्या हिचखाली फुलीसारख्या, सात पिनांचा प्लग, सगळे दिवे. चाकांचे नट पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्री ट्रेलर चालवूच नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना रस्त्यावर असतात, आणि तुम्हाला थांबायला एरवीपेक्षा जास्त अंतर लागतं.

मागे घेताना हात स्टीअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला हवी त्याच बाजूला हात सरकवा. चुकलं तर दुरुस्त करत बसू नका, पुढे सरळ घेऊन पुन्हा सुरू करा.

१७. पावसाळ्यात जागा कशी निवडू?

काळ्या मातीवर नाही. उन्हाळ्यात दगडासारखी असलेली रेगड पहिल्या मोठ्या पावसात लोण्यासारखी होते आणि ट्रेलर एक्सलपर्यंत बसतो. मुरमाड उंचवटा शोधा. जॅकखाली एक फूट बाय एक फूट, दोन इंच जाडीची फळी ठेवा.

नदीकाठ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्ज्य. इथे पाऊस नसतानाही उजनी आणि वीर धरणांतून सोडलेलं पाणी भीमेला चढतं. सीनाही विश्वासाची नाही: सप्टेंबर २०२५ च्या पुरात लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबली होती.

विंचू आणि साप कोरडी जागा शोधत येतात. चपला-बूट आत ठेवा, चाकाखालचे ठोकळे हाताने उचलण्याआधी काठीने हलवा. साप चावला तर १०८ ला फोन करा किंवा सोलापूरच्या सिव्हिलला न्या. बांधणं, कापणं, चोखणं काही नाही.

१८. कोणत्या दिवसांत सोलापूरच्या आसपास हलू नये?

आषाढी आणि कार्तिकीला पंढरपूरचे रस्ते. संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रेत सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाचा परिसर. नवरात्रात तुळजापूर. कोजागरीला हजारो लोक सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात आणि त्या रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. पोलिसांनी जाहीर केलेला पर्यायी मार्ग ट्रेलरला झेपेल का, ते आधी बिनट्रेलरच्या गाडीने बघून या.

१९. कायमचा पत्ता कोणता देऊ? मतदान, बँक, कुरिअर?

आधार, बँक आणि वाहनांच्या कागदांवर एकच खरा पत्ता असू द्या: आईवडिलांचं घर किंवा भाड्याची खोली. चार कागदांवर चार पत्ते झाले की विम्याच्या दाव्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं अडतं. मतदार नोंदणी जिथे नेहमीचं वास्तव्य धरलं जातं तिथेच, एकाच ठिकाणी. कुरिअर मुक्कामाच्या गावातल्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर, दुकानदाराला आधी विचारून मागवा.

२०. मुलांच्या शाळेचं काय?

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, त्यावर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. मोठ्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) पर्याय आहे. तरीही शाळकरी मूल असेल तर शैक्षणिक वर्षभर एकाच जागी राहावं आणि सुट्टीत फिरावं.

२१. कर्नाटकात विजयपूरकडे जास्त राहतो. एमएच नंबर चालेल ना?

दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपर्यंत चालतो. त्याहून जास्त वाहन तिथे ठेवलं तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि हे गाडी आणि ट्रेलर दोघांना स्वतंत्र लागू आहे. अधूनमधून सोलापूरला येत असाल तर इंधनाच्या आणि टोलच्या पावत्या जपा. तुम्ही परत आला होता हे त्याच दाखवतात.

२२. ट्रेलरमधूनच चहा-नाश्ता किंवा कपडे विकले तर?

मग वापर खासगी राहत नाही. वाहनाचा वर्ग आणि विमा दोन्ही बदलून घ्या, खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी, रस्त्यावर विकायचं तर महापालिकेचं पथविक्रेता प्रमाणपत्र. राहण्याच्या डब्यातच तळणकाम करू नका. तेलाची वाफ अस्तरात मुरते आणि ते अस्तर पेटतं.

२३. दोन-तीन महिने ट्रेलर उभा ठेवायचा आहे. काय करून ठेवू?

पाण्याच्या टाक्या आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा, नळ उघडे सोडा. बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करा. शंभर टक्के भरून उन्हात ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. सिलिंडर बाहेर काढा. एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढा, टायर पोत्यांनी झाका. हातब्रेक सोडून चाकांना अडण्या लावा, कारण ओढलेला ब्रेक ड्रमला चिकटतो. फ्रिजचं दार काठी लावून उघडं ठेवा. वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरला व्हील बेअरिंग उघडून ग्रीस बदलायचं असतं, ते याच मुक्कामात उरका. परत निघताना टायरच्या कडेवरच्या भेगा बघा: ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात. नक्षी कोरी दिसली तरी भेगेत नखाचं टोक शिरत असेल तर टायर बदला.